हाताची घडी

५ सप्टेंबर २००६, मंगळवार

राजीवच्या ऑफिसातून मिळालेली ही डायरी नऊ महिने कोरी पडली होती. आजपासून लिहायची. बोलायला कोणी नाही म्हणून नव्हे, ईशूच्या शाळेची नोंद राहावी म्हणून.

तर आज ईशू शाळेत गेली. सव्वातीन वर्षांची झाली. शाळा कसली, चर्चमागचा हॉल आहे, त्याला प्रीस्कूल म्हणतात. सकाळी साडेनऊ ते बारा. घरापासून बसने तीन थांबे. इथे ब्रिस्टलमध्ये बसमधून उतरताना लहानथोर सगळे ड्रायव्हरला 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणतात, म्हणजे आभार. मी मनातल्या मनात म्हटलं आणि उतरले.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बाप्पा! बाक नाही, फळा नाही. एक पोरगं वाळूत फतकल मारून बसलेलं, दोघं पाण्यात गाळणी बुडवताहेत, एक मुलगी कोपरापर्यंत निळा रंग फासून हिंडतेय, आणि कोणी कोणाला 'बस' म्हणत नाही. मी नागपूरला सात वर्षं बालवर्ग सांभाळलाय. चाळीस पोरं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की टाचणी पडली तरी ऐकू यायची. मी 'घडी सोडा' म्हणेपर्यंत एकाची हिंमत नव्हती हलायची. सगळे माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचे. हेडबाई पाहुण्यांना मुद्दाम माझा वर्ग दाखवायला आणायच्या.

ईशूला मी महिनाभर घरीच तयार केलं होतं. शाळेत गेलं की चटईवर बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि बाई सोडा म्हणतील तेव्हाच सोडायचं. लेकीने नाव काढलं. बाकीची भोकाड पसरून रडत होती, आयांचे कोट सोडत नव्हती. ही दोन वेण्या घालून सरळ चटईवर जाऊन बसली. पाठ ताठ. तिची बाई म्हणजे लिन. पन्नाशीची, पांढरे केस, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. बाई म्हणायचं नाही, नुसतं लिन. ती ईशूकडे बघतच राहिली. मनात म्हटलं, बघ, आम्ही असं शिकवतो.

घरी आले तर फक्त दहा वाजले होते. घासलेली भांडी परत घासली. मग पावणेअकरालाच कोट घालून बसले, वेळेवर निघता यावं म्हणून.

१४ सप्टेंबर, गुरुवार

रोज विचारते, काय शिकवलं? रोज उत्तर, काही नाही. शहाण्यासारखी बसलीस का? हो, सगळा वेळ. मग खडीसाखरेचा एक खडा मिळतो. तेवढं तरी घरचं वळण आहे.

आज धीर करून लिनला अभ्यासक्रम मागितला. वाक्य बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, खेळ हेच या वयाचं शिकणं. वाळू चाळताना मूल मोजतं, घर-घर खेळताना बोलायला शिकतं, असं बरंच काही. ऐकून घेतलं. वाळूच चाळायची तर आमचं अंगण काय वाईट होतं? सात समुद्र ओलांडून पोरीला मातीत बसवायला आणलं का आम्ही?

म्हणून मीच दुपारचा वर्ग सुरू केलाय. एक ते तीन. पाटी नागपूरहून आणलेली आहेच. आज अ ते अः, ए ते एम आणि वीसपर्यंत आकडे. ईशूचं तोंड घरात एक मिनिट बंद नसतं. हे काय, ते का, उंदराला शेपूट का, बाबाला मिशी का नाही. दुपारी घरात आवाज असतो, बरं वाटतं. तिच्यासाठीच म्हणते मी.

मध्येच विचारते कशी, आई, लिनला मराठी येतं का? म्हटलं नाही येत. मग गप्प झाली. पोरं काय एकेक विचारतात.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

सकाळी पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, ईशूकडून हळदकुंकू वाहवलं. आपटा इथे कुठला! बागेत कुठलंसं दोन पाकळ्यांसारखं पान शोधून आणलं, पाचसात. शेजारच्या आजींना एक द्यावं म्हणून त्यांच्या दारापर्यंत गेले. आत टीव्ही चालू होता. त्यांना काय सांगणार, हे सोनं आहे म्हणून? बेल न वाजवताच परत फिरले. राजीवला दिलं तेव्हा तो विमानाच्या कुठल्याशा सॉफ्टवेअरबद्दल फोनवर बोलत होता. त्याने मान हलवली आणि पान खिशात ठेवलं. नागपूरला या दिवशी माझ्या पर्समध्ये पानं मावायची नाहीत.

संध्याकाळी पाचपासून खिडकीशी खुर्ची ओढून बसते, राजीवची बस वळताना दिसते तिथून. हीटिंग सातला लावायचं असं ठरलंय, म्हणून कोट अंगावरच असतो. ईशू तेवढा वेळ जवळ गुपचूप बसून राहते. गुणाची आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज रागाने अक्षर वाकडं येतंय.

लिनने थांबवून घेतलं. हॉलच्या मागच्या छोट्या खोलीत नेलं. म्हणे, दोन महिने झाले, ईशिता एक शब्द बोललेली नाही. वाळूकडे जात नाही, पाण्याकडे जात नाही, कोणी खेळायला बोलावलं तर हलत नाही. ऐकू नीट येतं का तिला? घरी बोलते का? मी म्हटलं, घरी हिला गप्प कसं करायचं हा प्रश्न आहे. तिने मान डोलावली, पण विश्वास बसला नसावा.

मग फोटोंची वही दाखवली. प्रत्येक मुलाची असते. बाकीची पोरं चिखलात, रंगात, एकमेकांच्या अंगावर. ईशूच्या सगळ्या फोटोंत ती चटईवर, हाताची घडी, तोंडावर बोट. इतकी सुरेख बसली होती! मी म्हटलंसुद्धा, व्हेरी गुड सिटिंग. लिन म्हणाली, बोट ओठांवर असतं ते आवाजाचा त्रास होतो म्हणून का? आम्ही तिला शांत कोपऱ्यात बसवतो हल्ली, उशा ठेवल्यात. मी म्हटलं, नाही नाही, चांगली सवय आहे ती.

आणि मग एक फॉर्म पुढे केला. वाचा-भाषेच्या तज्ज्ञाकडे पाठवायचा. तो कागद पुढच्या सप्टेंबरात मोठ्या शाळेत तिच्यासोबत जाणार. म्हणजे माझी पोरगी शाळेत शिरायच्या आधी तिच्या नावापुढे 'मंद' लागणार! मी सही केली नाही. म्हटलं, तिला पन्नासपर्यंत आकडे येतात. लिन म्हणाली, ते छानच आहे, पण मला तिचा आवाज कसा आहे तेच ठाऊक नाही.

विचारतच नाहीत तर बोलेल कशी! नाचता येईना अंगण वाकडं. राजीव म्हणाला, कर की सही, काय बिघडतं. त्याला काय कळतंय. मी वहीतला तिचा चटईवरचा एक फोटो मात्र मागून आणलाय.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

कान तपासले. उत्तम आहेत. मला ठाऊकच होतं.

फोनकार्ड खरवडून आईला फोन केला. सगळं छान म्हणून सांगितलं. ईशूच्या खूप मैत्रिणी झाल्यात म्हटलं. आईने विचारलं, आणि तुझ्या? मी म्हटलं, लाइन कट होतेय बघ.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज ईशू आणि राजीव सोडून कोणाशीही बोलले नाही. दुकानात त्या मुलीने 'ऑल राइट, माय लव्हर?' विचारलं, इथे सगळ्यांनाच तसं म्हणतात. मी नुसती हसले. म्हणजे तेही बोलणं नव्हे.

१२ डिसेंबर, मंगळवार

ख्रिसमसचं नाटक झालं. ईशू मेंढी. मेंढ्यांना फक्त 'बॅ' म्हणायचं होतं. बाकीच्या दोन मेंढ्या बोंबलून घसा बसवून आल्या. आपली मेंढी कापसाचे कान लावून स्टेजवर हाताची घडी घालून बसली, तोंडावर बोट. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, सो स्वीट. मागची दुसरी म्हणाली, पुअर लिटल थिंग. मला ते मागचंच ऐकू येत राहिलं.

घरी येताना बसमध्ये ईशूने सगळं नाटक म्हणून दाखवलं. देवदूताचं भाषण, राजाचं भाषण, आणि तिन्ही मेंढ्यांचं 'बॅ'. पूर्ण इंग्रजीत. मी विचारलं, मग तिथे का नाही म्हटलंस? तर माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी चुकीचं विचारल्यासारखं. मला रडू फुटलं. खिडकीकडे तोंड केलं.

१५ जानेवारी २००७, सोमवार. संक्रांत

तिळगूळ केला, गूळ इथला असल्याने जरा चिकट झाला. डबी नेऊन लिनला दिली. 'गोड बोला' इंग्रजीत सांगायला गेले, तर कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्या घरची तर अजिबातच बोलत नाही. नुसतं 'स्वीट' म्हटलं.

लिन म्हणाली, एक नवीन गोष्ट आहे. ती हल्ली ईशूला हात धरून होम कॉर्नरला नेते. म्हणजे खोट्या चुलीचा, खोट्या कपबश्यांचा कोपरा, आपली भातुकलीच. तिथे ईशू खुंटीवरचा मोठ्या माणसाचा कोट अंगावर चढवते, एक खुर्ची खिडकीशी ओढते आणि पुन्हा घडी घालून बसते. स्वयंपाक नाही, बाहुली नाही. नुसती बाहेर बघत बसते, वेळ संपेपर्यंत. रोज तेच. लिनने मला विचारलं, हे कशाचं नाटक असेल, तुम्हाला काही कळतं का? मी विचार केला आणि म्हटलं, बस स्टॉप असेल. तिला बस फार आवडते.

लिनने माझ्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, एक दिवस तुम्ही येऊन बसाल का आमच्यासोबत? मी म्हटलं, घरी फार काम असतं.

२४ जानेवारी, बुधवार

ठरलं. दहा फेब्रुवारीच्या शनिवारचं तिकीट काढलं. मी आणि ईशू नागपूरला जातोय. माझ्या जुन्या शाळेत बालवर्गात घालायचं तिला, तिथे महिन्याभरात पोपटासारखी बोलेल. राजीवचं इथलं काम पुढच्या वर्षअखेरपर्यंत आहे. तो म्हणाला, दोन वर्षं मी एकटा राहू? मी म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. मग बराच वेळ भांडी पुसत राहिला. हा माणूस कधी भांडी पुसत नाही.

माझं काय, मी कुठेही राहीन. ईशूसाठीच जातेय.

लिनला सांगितलं. ती म्हणाली, जाण्याआधी एक सकाळ तरी या. आता काय जातंय माझं, म्हणून हो म्हटलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

साडेनऊला ईशूबरोबरच आत बसले. मुलांची खुर्ची, गुडघे हनुवटीला. ईशू पुस्तकांच्या कोपऱ्यात जाऊन उशीवर बसली. हाताची घडी. तोंडावर बोट. मला मनात म्हटल्याशिवाय राहवलं नाही, शहाणी गं माझी.

अर्धा तास गेला. एक लाल केसांची मुलगी, रोझी तिचं नाव, मळलेल्या कणकेसारखा गुलाबी गोळा घेऊन आली आणि अर्धा तोडून ईशूसमोर धरला. ईशूचा हात निघाला. मी स्वतः पाहिलं. चार बोटं पुढे आली, आणि परत काखेत गेली. रोझीने थोडी वाट पाहिली, गोळा तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि पळाली. ईशू त्या गोळ्याकडे खाली बघत बसली. हात लावला नाही.

मग लिन आली, शेजारी जमिनीवर बसली, काहीतरी हळू आवाजात सांगायला लागली. आणि ईशू तिच्या तोंडाकडे बघायला लागली. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. टक लावून. ते बघणं मला ओळखीचं आहे. सात वर्षं चाळीस पोरं माझ्या ओठांकडे तसंच बघत होती, आता सोडा म्हणते की मग म्हणते.

सप्टेंबरात तिने विचारलं होतं, लिनला मराठी येतं का, आई?

पाच सप्टेंबरला मी तिची घडी घातली होती. सोडायला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? वर्गात सोडा म्हणायला मी असायचे. इथे पाच महिने पोरगी वाट बघत बसली होती, आणि मी रोज खडीसाखर देत होते! ते तिला आजारी समजून कोपऱ्यात उशा लावत होते आणि मी फोटो मागून आणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

उठून तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, "ईशू, घडी सोड."

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. बोट ओठांवरच ठेवून कुजबुजली, "बाईंनी सांगितलं?"

"हो. बाईंनीच सांगितलं."

तिने बोट काढलं. मग हात सोडले. कोपर चोळलं थोडं. गुडघ्यावरचा गोळा उचलला, दाबून पाहिला, वास घेतला, आणि उठून रोझी गेली होती त्या दिशेने चालायला लागली. बोलली काही नाही. पण बारा वाजेपर्यंत एकदाही खाली बसली नाही.

लिनला सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, रडत. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिने स्वतः हाताची घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, पाच महिने! किती दमली असेल ती. माझ्या सात वर्षांतल्या चाळीस-चाळीस पोरांबद्दल मला आजवर असं एकदाही वाटलं नव्हतं.

फॉर्मवर सही केली. लिन म्हणाली, आता त्याची गरज लागेल असं वाटत नाही, पण असू द्या.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज काम नव्हतं काही, म्हणून पुन्हा जाऊन बसले. हीटरजवळची खुर्ची मिळाली.

ईशू आधी वाळूत, मग पाण्यात, बाह्या ओल्या. रोझीच्या कानात काहीतरी बोलली, रोझी हसली. लिनने दुरून मला खूण केली. आवाज अजून कोणापर्यंत पोचला नव्हता.

मग ती होम कॉर्नरमध्ये गेली. रोझी मागोमाग. मला आपलं वाटलं, आता चहा करतील. पण ईशूने खुंटीवरचा तो मोठा कोट काढला, अंगावर घातला, तळवे बाह्यांत बुडाले. खुर्ची खिडकीशी ओढली. बसली. एक हात खिडकीच्या कट्ट्यावर, मान किंचित तिरपी, म्हणजे बस वळताना दिसावी. रोझीने कप आणून दिला तर नको म्हणून हसली. अगदी तसंच, जसं मी दुकानातल्या मुलीला बघून हसते.

बस स्टॉप म्हणाले होते मी लिनला. लिनला जानेवारीतच कळलं असणार. सगळ्या हॉलला माहीत असणार, मीच तेवढी राहिले होते. लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे फार एकटं वाटलं, गेलं वर्षभर वाटत होतं ते सगळं एकदम. आजवर इथे लिहिलं नव्हतं. आज लिहिते. मला इथे फार एकटं वाटतं. नागपूरला मी ईशूसाठी निघाले नव्हते.

वर पाहिलं तर ईशू कोट फरफटवत माझ्याकडेच येत होती. समोर उभी राहिली आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग बाईच्या आवाजात, माझ्याच आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, घडी सोड."

लिनच्या हातातला ब्रश तिथेच थांबला. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले होते, बोटं काखेत. कधीपासून, कोणास ठाऊक.

सोडले. ईशूने एका हाताला धरून उठवलं आणि होम कॉर्नरमध्ये नेऊन चुलीपुढे बसवलं. रोझीला म्हणाली, धिस इज माय ममी, शी इज स्टेइंग फॉर टी. रोझीने रिकामा कप माझ्यापुढे धरला आणि वाट बघत उभी राहिली. सात वर्षं बालवर्ग शिकवला, पण अशा कपाचं काय करतात ते आठवायला वेळ लागला. मग प्यायले. म्हटलं, टू हॉट. रोझीने फुंकर घातली. मग साखर आहे का विचारलं, तर दोघी चमचा शोधायला पळाल्या.

शनिवारी आम्ही जात नाही. राजीवला संध्याकाळी सांगेन, आणि हीटिंग पाचलाच लावेन.

येताना बसमधून उतरले तेव्हा ड्रायव्हरला 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला, पुढच्या सीटवरचे दोघे वळले. ड्रायव्हरने आरशातून हात केला.